दारावरची थाप

गेल्या वर्षी लेकीकडे कॅनडात काही महिने राहण्याचा योग आला. हिवाळ्याचे दिवस. बाहेर बर्फ पडलेले, त्यामुळे फिरणे बंद. पाच वर्षांची नात शाळेतून परतली, की आम्ही दोघे तिच्या आवडीची एक चलतचित्र मालिका पाहत बसू. तिचे नाव ‘सुपर व्हाय!’. परिचित परीकथांतील पात्रे नव्या रूपात आणून मुलांना अक्षरओळख करून देणारी ही मालिका आहे. एका संध्याकाळी त्यातील ‘तीन लहान डुकरे’ ही गोष्ट पाहून झाली आणि मी सहज बोलून गेलो, “ही गोष्ट आम्ही वाचली तेव्हा अशी नव्हती.” नातीने लगेच विचारले, “मग कशी होती?” मी सांगू लागलो. पहिल्या दोन डुकरांना लांडगा खाऊन टाकतो, हे ऐकताच ती गप्प झाली. स्वयंपाकघरातून मुलगी म्हणाली, “पप्पा, तिला हे कशाला सांगता? रात्री झोपायची नाही.” नात मात्र माझ्या अधिकच जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, “आजोबा, पुन्हा सांगा ना.”

मुलीची काळजी खोटी नव्हती आणि नातीचा आग्रहही खोटा नव्हता. त्या दोहोंमध्ये जो प्रश्न उभा राहिला, त्याचाच विचार या लेखात करावयाचा आहे. लहानग्यांना सांगावयाच्या गोष्टीत लांडगा असावा की नसावा? आणि असलाच, तर तो कसा असावा?

पुस्तकांच्या फळीमागचे गाव

प्रथम मालिकेविषयी. अमेरिकेतील ‘पीबीएस’ या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर २००७ साली ‘सुपर व्हाय!’ सुरू झाली आणि २०१६ पर्यंत तिचे नवे भाग येत राहिले. अँजेला सँटोमेरो या तिच्या निर्मात्या. ‘ब्लूज क्लूज’ या १९९६ साली सुरू झालेल्या गाजलेल्या बालमालिकेच्या निर्मितीतही त्यांचा वाटा होता. तीन ते सहा वर्षे वयाच्या, म्हणजे वाचनाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलांसाठी ‘सुपर व्हाय!’ची योजना झाली. वाचनपूर्व शिक्षणाला साहाय्य करण्यासाठी अमेरिकेच्या शिक्षण खात्याने जो निधी दिला, त्याचा तिला आधार होता. यास्तव तिच्याकडे केवळ करमणूक म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल. ती एक प्रकारची बालवाडीच आहे.

ग्रंथालयातील पुस्तकांच्या फळीमागे ‘स्टोरीब्रुक व्हिलेज’ नावाचे एक अद्‌भुत गाव आहे. परीकथांतील पात्रे तेथे शेजारी म्हणून राहतात. घेवड्याच्या वेलावरून राक्षसाच्या घरी चढून गेलेल्या जॅकचा धाकटा भाऊ व्हायॅट हा येथला नायक. लाल टोपीवाली मुलगी येथे चाकांचे बूट घालून धावते. तीन डुकरांपैकी एक आणि वाटाण्याच्या गोष्टीतील राजकन्या हे उरलेले दोन सोबती. चौघांपैकी कोणावर तरी प्रत्येक भागात अडचण येते. मग चौघे आपल्या वाचन मंडळात जमतात, एक पुस्तक निवडतात आणि त्यात उडी घेतात. पिग अक्षरे ओळखतो, रेड यमके जुळवते, राजकन्या शब्दांची वर्णाक्षरे लावते आणि व्हायॅट वाचतो. पुढील भागांत वूफ्स्टर नावाचा कुत्रा शब्दकोशाची शक्ती घेऊन येतो. वाटेत मिळालेली अक्षरे शेवटी जुळवली, की एक शब्द तयार होतो. तो शब्द म्हणजे त्या दिवसाच्या अडचणीचे उत्तर.

मालिकेचे गुण मोकळ्या मनाने सांगितले पाहिजेत. अडचण आली, की पुस्तक उघडावे, ही सवय ती मुलांच्या अंगी बाणवते. आपल्या धर्मग्रामांतील जुन्या मंडळींनी पोटाला चिमटा घेऊन शाळा उभारल्या, त्या याच श्रद्धेपोटी. दुसरे असे, की मुलाला ती नुसता प्रेक्षक ठेवत नाही. पात्रे मध्येच थांबतात, पडद्यातून बाहेर पाहतात आणि उत्तराची वाट पाहतात. माझी नात उठून पडद्याजवळ जाई, अक्षरावर बोट ठेवी आणि मोठ्याने उत्तर देई. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेल्या माझ्यासारख्याला ते दृश्य सुखावणारे होते. भाग संपल्यावर ती घरातील डब्यांवरची आणि पाकिटांवरची अक्षरे शोधत हिंडे. हे यश लहान नव्हे.

बदललेला शब्द

मालिकेची सर्वांत कल्पक आणि माझ्या मते सर्वांत विचार करावयास लावणारी युक्ती म्हणजे व्हायॅटची वाचनशक्ती. गोष्ट अडते, तेव्हा पुस्तकातील एक वाक्य पडद्यावर उमटते. त्यातील एक शब्द व्हायॅट काढतो. त्या जागी बसू शकतील असे काही शब्द मुलांपुढे ठेवतो. मुलांनी शब्द निवडावा. निवडलेला शब्द वाक्यात बसला, की गोष्टच बदलते. ‘मोठा’च्या जागी ‘लहान’ बसवला, की मोठे ते लहान होऊन जाते. चुकीचा शब्द बसवला, तर काही तरी हास्यास्पद घडते आणि पुन्हा निवड करावी लागते. विशेषणाचे वाक्यातील सामर्थ्य शिकवण्याची याहून चांगली रीत मी पाहिलेली नाही. पंचवीस वर्षे व्याकरण शिकवून मला जे साधले नाही, ते या युक्तीने पाच मिनिटांत साधते.

याच रीतीने ‘तीन लहान डुकरे’ या भागात अडचण सुटते. पिग ठोकळे रचून इमारत उभारतो आणि शेजारची जिल येऊन ती पाडते. काय करावे? पुस्तकात पाहावे. पुस्तकात लांडगा फुंकर मारून घरे पाडीत असतो. अखेरीस अक्षरे जुळून जो शब्द तयार होतो, तो ‘फ्रेंड’, म्हणजे मित्र. जिलला खेळात घ्यावे, तिच्याशी मैत्री करावी, म्हणजे ती ठोकळे पाडणार नाही. मुलाला मिळणारा हा धडा सुंदर आहे. खेळात न घेतलेले मूल दुसऱ्याचा खेळ मोडते, हे प्रत्येक बालवाडी शिक्षिकेला ठाऊक असते. जिलपुरते पाहिले, तर उत्तर अचूक आहे.

प्रश्न लांडग्याचा आहे.

लांडग्याची वंशावळ

येथे थोडे मागे जावयास हवे. तीन डुकरांची जी कथा आज जगभर सांगितली जाते, तिचे सर्वांत प्रसिद्ध लिखित रूप जोसेफ जेकब्स यांच्या १८९० सालच्या इंग्लिश परीकथांच्या संग्रहात आहे. त्यात गवताच्या घरातील डुकराला लांडगा खातो. काटक्यांच्या घरातील डुकरालाही खातो. तिसऱ्याचे घर विटांचे. ते फुंकरीने पडत नाही. तेव्हा लांडगा आवाज बदलतो. आपण उद्या सकाळी सहा वाजता शलगमाच्या शेतात जाऊ, असे गोड आमंत्रण देतो. डुक्कर पाच वाजताच जाऊन शलगम घेऊन येते. मग सफरचंदाच्या झाडाचे आमंत्रण, मग जत्रेचे. प्रत्येक वेळी लांडगा सभ्यतेने बोलतो आणि प्रत्येक वेळी डुक्कर त्याच्या आधी पोहोचते. शेवटी लांडगा धुराड्यातून उतरतो आणि उकळत्या पाण्याच्या हंड्यात पडतो. त्याचेच जेवण करून डुक्कर सुखाने नांदते.

सन १९३३ मध्ये वॉल्ट डिस्ने यांच्या संस्थेने या कथेवर लघुपट काढला. त्याला ऑस्कर पारितोषिक मिळाले. जागतिक मंदीच्या त्या काळात लांडग्याला न भिण्याचे त्यातील गाणे घरोघरी पोहोचले. त्यात पहिली दोन डुकरे मरत नाहीत. पळून तिसऱ्याच्या घरी आश्रय घेतात. लांडगाही मरत नाही. भाजलेल्या अंगाने ओरडत पळून जातो. सन २००७ च्या मालिकेत पळून जाण्याचेही कारण उरत नाही. ‘मित्र’ हा शब्द सापडताच गोष्ट संपते.

प्रथम मृत्यू गेला, मग भय गेले, मग अपराध गेला.

कोणी म्हणेल, की जुन्या कथांत फेरफार करणे हाच दोष आहे. मला तसे वाटत नाही. लाल टोपीवाल्या मुलीची कथा फ्रान्समध्ये शार्ल पेरो यांनी १६९७ साली छापली, तेव्हा मुलगी लांडग्याच्या पोटात जाते आणि कथा तेथेच संपते. जर्मनीत ग्रिम बंधूंनी १८१२ साली तीच कथा छापली, तेव्हा शिकारी येऊन लांडग्याचे पोट फाडतो आणि आजी व नात जिवंत बाहेर येतात. याच ग्रिम बंधूंनी पहिल्या आवृत्तीत मुलांना रानात सोडून देणारी सख्खी आई दाखवली होती. पुढील आवृत्तीत तिची त्यांनी सावत्र आई केली. परीकथा ही दगडावरची रेघ नव्हे. प्रत्येक पिढीने ती आपापल्या मुलांसाठी नव्याने सांगितली. तेव्हा ‘सुपर व्हाय!’ने कथा बदलली, ही तक्रार होऊ शकत नाही. तिने नेमके काय बदलले, एवढेच पाहावयाचे.

कावळा आणि लांडगा

माझ्या मनात या वेळी आपल्या घरातील गोष्ट आली. चिऊ आणि काऊची. काऊचे घर शेणाचे, चिऊचे मेणाचे. पाऊस येतो आणि काऊचे घर वाहून जाते. भिजलेला काऊ चिऊच्या दारावर थाप मारतो. चिऊ आपल्या बाळाचे कौतुक करण्यात गुंतलेली. न्हाऊ घालते, अंग पुसते, तीट लावते, निजवते. आणि काऊ बाहेर भिजत उभा. पुढे दार उघडते खरे, पण कित्येक घरांत ही गोष्ट काऊच्या फजितीने किंवा चटक्यानेच संपते. आपण ती ऐकताना नेहमी चिऊच्या बाजूचे असतो. लहानपणी मलाही त्यात गंमत वाटे. पुढे वर्गात ती सांगताना एके दिवशी जाणवले, की काऊने तर काहीच वाईट केलेले नाही. त्याचे घर गेले आहे आणि तो आश्रय मागतो आहे, एवढेच.

घर कच्चे, घर पक्के, आणि दारावर थाप: दोन्ही कथांची मांडणी एकच. मात्र थाप मारणारा वेगळा. तिकडे लांडगा आहे. तो खावयास आला आहे. इकडे कावळा आहे. तो भिजला आहे. मुलाला दोन्ही थापा ओळखता आल्या पाहिजेत. कावळ्याच्या थापेला लांडग्याची थाप समजणारा माणूस निष्ठुर होतो. परक्या प्रांतातून आलेला मजूर, वेगळ्या जातीचा भाडेकरू, दारू सोडून परत आलेला भाऊ यांच्या तोंडावर तो दार लावतो आणि आपण सावध आहोत, असे समजतो. उलटपक्षी, लांडग्याच्या थापेला कावळ्याची थाप समजणारा जीव गमावतो.

‘सुपर व्हाय!’ने केले काय, तर जिल नावाच्या कावळ्याची गोष्ट लांडग्याच्या गोष्टीतून सांगितली. जिलला मित्र हवा आहे, हे खरे. पण त्यावरून लांडग्यालाही मित्रच हवा होता, असा निष्कर्ष मुलाच्या मनात आपोआप उतरतो. मालिकेचा हेतू अत्यंत सद्‌भावनेचा आहे, यात मला शंका नाही. परंतु या सद्‌भावनेच्या पोटी एक भेद पुसला गेला, आणि तो पुसला जाणे मला धोक्याचे वाटते.

पेरो यांनी आपल्या कथेच्या शेवटी पद्यात एक बोध जोडला आहे. त्याचा आशय असा, की लांडगे सगळे सारखे नसतात. जे गोड बोलतात, अदबीने वागतात आणि मुलींच्या मागे घरापर्यंत येतात, तेच सर्वांत घातक. तीनशे वर्षांपूर्वीच्या या माणसाला आपण आज जे नव्याने शिकत आहोत, ते ठाऊक होते. मुलांना इजा करणारा पुष्कळदा अनोळखी नसतो. घराच्या, शाळेच्या, प्रार्थनास्थळाच्या विश्वासातला असतो. हे लिहिताना संकोच वाटतो. पण आपल्या ख्रिस्तसभेलाही या बाबतीत फार कटू अनुभवातून जावे लागले. पोप फ्रान्सिस यांना २०१४ साली अल्पवयीनांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र आयोग नेमावा लागला. मेंढरांच्या वेषात येणाऱ्या लांडग्यांविषयी प्रभूने दिलेला इशारा मत्तयकृत शुभवर्तमानात आहे. आपण तो प्रवचनात ऐकतो. मुलांच्या गोष्टीतून मात्र लांडगाच काढून टाकतो. मग त्या इशाऱ्याला मुलाच्या मनात चित्र कोणते उरणार?

गुब्बिओचा लांडगा

यावर कोणी विचारील, की लांडग्याला मित्र करणे ही तर आपल्याच परंपरेतील शिकवण नव्हे काय? होय, आहे. संत फ्रान्सिस असिसीकर यांच्याविषयीच्या चौदाव्या शतकातील ‘फियोरेत्ती’ या कथासंग्रहात गुब्बिओ नगरातील लांडग्याची कथा आली आहे. आपल्यापैकी अनेकांनी ती धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकली असेल. तिची या मालिकेतील लांडग्याशी तुलना केली, म्हणजे मला काय म्हणावयाचे आहे ते स्पष्ट होईल.

गुब्बिओचा लांडगा जनावरे मारतो, माणसेही मारतो. नगराबाहेर पडताना लोक युद्धावर निघाल्यासारखी शस्त्रे घेतात. फ्रान्सिस त्याच्यासमोर जातात, क्रुसाची खूण करतात आणि त्याला ‘भाऊ’ म्हणून हाक मारतात. येथवर हे दूरचित्रवाणीवरील गोष्टीसारखेच वाटते. परंतु पुढे काय होते? फ्रान्सिस त्याचा अपराध त्याच्या तोंडावर सांगतात. तू पशूच नव्हे, तर देवाच्या प्रतिमेची माणसेही मारलीस. चोराला आणि खुन्याला मिळते ती शिक्षा तुला योग्य आहे. सारे नगर तुझ्याविरुद्ध आक्रोश करीत आहे, ते रास्त आहे. इतके सांगून झाल्यावर ते म्हणतात, की तरीही मला तुझा आणि या लोकांचा समेट घडवून आणावयाचा आहे. तू हे भुकेपोटी केलेस, हे मी जाणतो. नगर तुला अन्न देईल. तू कोणाला इजा करणार नाहीस, असे वचन दे. लांडगा आपला पंजा त्यांच्या हातात ठेवतो. मग हाच करार भर बाजारात, ज्यांची माणसे मेली त्या लोकांसमोर पुन्हा होतो. तेथे फ्रान्सिस नगरवासीयांनाही त्यांच्या पापांची आठवण करून देतात. पुढे दोन वर्षे तो लांडगा घरोघरी फिरतो, लोक त्याला खाऊ घालतात, आणि तो म्हातारा होऊन मरतो तेव्हा साऱ्या नगराला दुःख होते.

या कथेत लांडग्याची मैत्री आहे. पण ती शब्द बदलून मिळालेली नाही. शब्द उच्चारून मिळालेली आहे. ‘खुनी’ हा शब्द फ्रान्सिस गाळत नाहीत, त्या जागी सौम्य शब्द बसवत नाहीत. तो उच्चारल्यावरच ‘भाऊ’ या शब्दाला वजन येते. दुसरे असे, की या मैत्रीची किंमत आहे. नगराला रोजचे अन्न द्यावे लागते, लांडग्याला आपली सवय सोडावी लागते. ‘सुपर व्हाय!’मध्ये किंमत कोणीच देत नाही. अक्षरे जुळली, की काम झाले. पापकबुलीच्या संस्कारात पश्चात्ताप, कबुली आणि प्रायश्चित्त ही क्रमाने येतात, हे आपल्या मुलांना प्रथम कम्युनियनच्या आधी शिकवले जाते. ज्या गोष्टीत अपराधच घडला नाही, तिने क्षमा कशी शिकवावी? ती फार तर सौजन्य शिकवील. सौजन्य मोलाचे आहे. पण ते क्षमेच्या जागी ठेवता येत नाही.

एका शब्दाचे उत्तर

आणखी एका गोष्टीची नोंद केली पाहिजे. या मालिकेत प्रत्येक कथा अखेर एका शब्दात आटवली जाते. सुमारे पंचवीस मिनिटांच्या भागात मूळ कथेच्या वाट्याला येतात मोजकी मिनिटे. उरलेला वेळ अक्षरे आणि यमके यांचा. अक्षरशिक्षणासाठी ते ठीकच. परंतु वारंवार असे पाहणाऱ्या मुलाची अशी समजूत होते, की गोष्ट हे एक कोडे असते आणि त्याला एकच उत्तर असते. उत्तर सापडले, की पुस्तक मिटावे.

उधळ्या पुत्राच्या दाखल्याचे एका शब्दात उत्तर कोणते? ‘क्षमा’ म्हणावे, तर मोठा भाऊ अजून अंगणात उभाच आहे. बाप बाहेर येऊन त्याची मनधरणी करतो. तो आत गेला की नाही, हे लूक आपल्याला सांगत नाही. दोन हजार वर्षे तो दाराबाहेर उभा आहे आणि प्रत्येक वाचकाला आत जाण्याविषयी विचारतो आहे. हा दाखला दर वेळी नव्याने वाचता येतो, तो त्याच्या या न मिटलेल्या दारामुळेच. जुन्या परीकथांतही असे काही तरी शिल्लक राहते. पहिल्या दोन डुकरांचे काय, हा माझ्या नातीचा प्रश्न त्यांतलाच. त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ती दोघे आळशी होती, म्हणून मेली, असे म्हणणे मला जिवावर आले. गवताचे घर बांधणारे सारेच आळशी नसतात, पुष्कळदा त्यांच्याजवळ विटांना पैसा नसतो.

मुलांना भीती वाटेल, म्हणून आपण लांडगा लपवतो. पण भीती आपल्या गोष्टीतून त्यांच्याकडे जात नाही. ती आधीच त्यांच्याजवळ असते. इंग्रज लेखक जी. के. चेस्टरटन यांनी १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रिमेंडस ट्रायफल्स’ या संग्रहातील एका निबंधात हा मुद्दा मांडला आहे. त्यांचे म्हणणे असे, की राक्षस मुलाला कल्पनेत पहिल्यापासून परिचित असतो. परीकथा त्याला राक्षसाला मारणारा संत जॉर्ज देते. अंधाऱ्या खोलीत जायला घाबरणाऱ्या मुलाला कोणी लांडग्याची गोष्ट सांगितलेली असतेच असे नाही. गोष्ट त्या निनावी भीतीला नाव देते, चेहरा देते आणि मुख्य म्हणजे शेवट देते. विटांचे घर उभे राहते. आवाज बदलून आलेल्या लांडग्याला दार उघडले जात नाही. मुलाला निश्चिंत झोप लागते, ती यामुळे.

पालकांसाठी दोन शब्द

म्हणून ‘सुपर व्हाय!’ मुलांना दाखवू नये, असे मी म्हणणार नाही. अवश्य दाखवावी. शेजारी बसून दाखवावी, आणि पडद्यावरचे पात्र उत्तरासाठी थांबले, की आपणही गप्प राहावे. अक्षरांची गोडी लावण्यात ही मालिका अनेक शाळांहून सरस आहे. खेळातील भांडणाला मैत्रीचे उत्तर असते, हेही तिच्याकडून शिकावे.

परंतु अक्षरे शिकवण्याचे काम तिला दिले, म्हणून गोष्ट सांगण्याचे कामही तिलाच देऊन टाकू नये. ते घराचे काम आहे. रात्रीच्या रोझरीनंतर, दिवा मालवण्यापूर्वी, कोणी तरी मोठ्या माणसाने मुलाला हाताशी घेऊन जुनी गोष्ट जुन्या रीतीने सांगावी. पडद्यावरचा लांडगा कितीही सौम्य केला, तरी मूल त्याच्यासमोर एकटेच बसलेले असते. आजीच्या कुशीतला लांडगा कितीही भयंकर असला, तरी तेथे आजी असते. कोणत्या वाक्याला आवाज खाली आणावा, कोठे थांबावे, कोणत्या मुलासाठी काय गाळावे, हे तिलाच कळते. आणि चिऊ-काऊची गोष्ट सांगताना या पिढीत आपण एवढे करावे: काऊ बाहेर भिजत होता, हे मुलाला जाणवेल इतके तरी थांबावे.

त्या रात्री मी नातीला तिसऱ्यांदा गोष्ट सांगितली. मुलगीही हातातले काम ठेवून येऊन बसली होती. कंटाळून मी जत्रेचा प्रसंग गाळला, तेव्हा नातीने मला थांबवले. लांडगा जत्रेला बोलावतो, ते राहिले, म्हणाली. मी मागे जाऊन तो प्रसंग सांगितला. लांडगा हंड्यात पडला, डुकराने झाकण लावले. थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मग तिने आईला विचारले, “आपले घर विटांचे आहे ना?” मुलगी म्हणाली, “हो गं.” पाच मिनिटांत ती झोपली होती.